तारेवर माणूस आहे

गेलेली वीज फसवून परत आणता येते, अशी एका मे महिन्यात माझी खात्री पटली होती. फसवायचं कसं तेही मीच शोधून काढलं होतं आणि त्यासाठी लागणारी वायर माझ्या हातात होती. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे बासष्ट वर्षांची. कोणी आजी म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कोण म्हातारी येतेय ते. आज त्या बाईची आठवण झाली की तिला दोन ठेवून द्याव्याशा वाटतात. पण त्याआधी तिच्या हातातली वायर काढून घ्यावीशी वाटते. अजून कधी दुपारी डोळा लागला की ती तिथेच उभी असते, मीटर रूममध्ये, वायर घेऊन. मी तिला थांब म्हणते आणि माझा आवाज फुटत नाही.

तिला ज्यांनी थांबवलं ते आमच्या पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ. नाहूर स्टेशनपासून थोडं आत आमची जुनी चार मजली सोसायटी. बिल्डिंगमधली पोरं त्यांना शॉककाका म्हणत, पाठीमागे अर्थात. मी तोंडावर भाऊ म्हणायचे आणि पाठीमागे पोरांच्यात सामील व्हायचे.

नाव पडलं ते त्यांच्या हातामुळे. हा माणूस कशालाही हात लावायचा तो उलटा. लिफ्टचं दार, नळाची तोटी, दुसऱ्याच्या घरचा फ्रीज, जिन्याचा कठडा, सगळ्याला आधी बोटांच्या पाठीने हलकेच शिवून बघायचं, मग पुढचं. गणपतीत आणि चौदा एप्रिलला बिल्डिंगवर माळा लागल्या की हे स्टूल घेऊन एकेका माळेला उलटा हात लावत फिरायचे. तान्ह्या मुलाचा गालसुद्धा त्यांनी उलट्या हातानेच शिवला, ते मी पाहिलंय. माझ्या मुलाच्या लग्नात नवरदेवाला शुभेच्छा द्यायला आले आणि सवयीने उलटा हात पुढे केला. पोराला कळेना, हा हातात घ्यायचा की त्यावर काही ठेवायचं. त्याने त्यावर पेढा ठेवला.

मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "सुलट्या हाताने धरलं आणि आत करंट असला तर मूठ आवळते, वहिनी. मग ती सोडवणारा दुसरा माणूस लागतो. उलट्या हाताला बसला तर हात आपोआप मागे येतो."

"पण भाऊ, बाळाच्या गालात कुठला करंट?"

"तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं," म्हणाले आणि निघून गेले.

हे नोंदवून घेणंही त्यांचंच. सरकारी वीज निरीक्षकांच्या कचेरीत ते लघुलेखक होते. कुठे विजेचा अपघात झाला की तिथे चौकशी व्हायची, माणसं जबाब द्यायला यायची आणि हे कोपऱ्यात बसून शब्दन् शब्द उतरवायचे. विजेतलं त्यांना स्वतःला काही येत नव्हतं. घरचा बल्ब गेला तरी ते वायरमन बोलवायचे. पण वीज माणसाचं काय करते, ते त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, आणि तेही ज्याच्यावर बेतलं त्याच्याच माणसांच्या तोंडून. निवृत्त झाले तरी कचेरी काही तोंडातून गेली नाही. भाजीवाल्याला म्हणायचे, तुझा भाव नोंदवला, आता माझी हरकत ऐक. त्यांची बायको, फार गोड बाई, म्हणायची की ह्यांच्याशी भांडायचं तर आधी तारीख घ्यावी लागते.

बाकी सगळं आम्ही हसून सोडून दिलं होतं, पण एका गोष्टीचा मला राग यायचा. लाईट गेली की लोक गॅलरीत येतात, वारा खातात, कंपनीला शिव्या देतात. हे खाली मीटर रूममध्ये जायचे, सोसायटीचा मेन स्विच खाली पाडायचे आणि त्याच्या खटक्यावर एक पाटी अडकवायचे. पाटी म्हणजे बायकोचा चिरलेला पोळपाट. त्याला भोक पाडून सुतळी ओवलेली आणि वर लाल रंगात, कचेरीच्या अक्षरात लिहिलेलं: तारेवर माणूस आहे. मग त्या पाटीसमोर स्टूल टाकून बसायचे. लाईट आल्याची बातमी शेजारच्या बिल्डिंगीतून कळायची, मग बाहेर जाऊन खात्री करून यायचे, मग पाटी काढायचे. तोवर आम्ही घामाघूम. सगळ्या गल्लीत पंखे फिरतायत आणि आम्ही अजून अंधारात, कारण शॉककाकांची खात्री व्हायचीय.

आणि तिथे तारेवर कधी कुणी माणूस दिसायचाही नाही. आमच्या भागात तारा जमिनीखालून. ते म्हणायचे, दिसत नाही म्हणूनच.

मग आमच्या गच्चीवर सूर्य आणायचं ठरलं. पॅनेल बसवायची, त्यांची वीज सोसायटीच्या मीटरला जोडायची, दिवसा जास्तीची होईल ती कंपनीला द्यायची आणि बिलात वळती करून घ्यायची. मी तेव्हा कमिटीत महिला प्रतिनिधी. आयुष्यात पहिल्यांदा पद मिळालेलं, त्यामुळे अंगात आलेलं. घरोघरी फिरून मी लोकांना पटवलं. बिलाची भाषा कोणाला कळत नव्हती, कंपनी घेते त्या युनिटाचा भाव वेगळा आणि देते त्याचा वेगळा, हे ऐकून लोक जांभया द्यायचे. मी त्यांना समजावायचे की आपली वीज जाताना सासुरवाशीण आणि येताना माहेरवाशीण, मान वेगळा असायचाच. तेही चाललं नाही. मग मी जे सांगितलं ते मात्र सगळ्यांना एका क्षणात कळलं. मी सांगितलं, यापुढे आपल्याकडे लाईट जाणारच नाही. गल्ली अंधारात, आणि आपल्या बिल्डिंगमध्ये पंखे, लिफ्ट, सगळं चालू.

हे मला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. डोक्यावर सूर्य आहे, गच्चीवर पॅनेल आहेत, मग लाईट जाईलच कशी? मला ते इतकं उघड वाटलं की विचारायची गरजच पडली नाही.

जनरल बॉडीत मी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. म्हटलं, आता लिफ्टचा जुना जनरेटर ठेवायचा कशाला? विकून टाका, पॅनेलला हातभार लागेल. टाळ्या पडल्या. तेव्हा शॉककाका उठले.

"माझं म्हणणं नोंदवून घ्या," म्हणाले. "कंपनीची वीज गेली की ही वीजही जाते. पॅनेलची वीज तारेत सोडणारं यंत्र स्वतःहून बंद होतं. नियम तसा आहे."

लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी हसले. हे काका दाराच्या कडीलाही घाबरतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी नियमाचं कारण सांगितलं. रस्त्यात वीज बंद करून माणसं तार जोडत असतात, तेव्हा कुठल्या तरी बिल्डिंगीची वीज मागच्या दाराने त्या तारेत आली तर ती माणसं जातात. मग म्हणाले, एका जबाबाची गोष्ट सांगतो. खांबावर चढलेला एक लाईनमन गेला होता. बाजारात लाईट नव्हती आणि कुठल्याशा दुकानदाराने आपला जनरेटर चालू केला होता, मेन स्विच न पाडता. चौकशीला त्या पोराची आई आली. साहेबांनी तिला बरंच समजावलं. तिला एवढंच कळत होतं की वीज बंद होती. ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती: गेलेली वीज परत कुठून आली, एवढं मला सांगा.

"तो प्रश्न मी उतरवून घेतला," काका म्हणाले. "ती रडत होती. लघुलिपीत रडण्याला खूण नाही, म्हणून तेवढं राहिलं."

पुढच्या रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. आणि आता मी जे केलं ते लिहिताना माझं मलाच अंगावर येतं. माझा ठराव हातचा जातोय असं वाटून मी म्हटलं, "भाऊ, म्हणजे विजेचं भूतसुद्धा असतं का हो?"

सगळे हसले. मोठ्याने, सुटल्यासारखे. काका खाली बसले. जनरेटर विकला गेला.

त्यांचा राग मात्र कोणावर राहिला नाही, हे सांगायला हवं. पुढे काही वर्षांनी नियम बदलला आणि गच्चीवरची वीज प्रत्येक घराच्या बिलात वाटून घेता येईल असं झालं, तेव्हा आमच्याकडे जी भाऊबंदकी माजली ती काकांनीच निस्तरली. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, गळती आम्ही सोसतो, सूर्य आमचा. मोठ्या फ्लॅटवाले म्हणाले, चौरस फुटांवर वाटा. खालचा दुकानदार म्हणाला, मी सोसायटीत नाही का? काकांनी गच्चीवर, टाकीच्या सावलीत, चक्क सुनावणी ठेवली. एकेकाने पुढे यायचं, आपलं म्हणणं मांडायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं ते लोक तिथे मुकाट्याने ऐकत बसले. शेवटी काका म्हणाले, "आधी पाण्याचा पंप, मग लिफ्ट, मग जिन्यातले दिवे. उरेल ते दर दारामागे सारखं. ज्याला कमी वाटेल त्याने एक पंखा बंद करावा." तीच वाटणी आजही चालते.

पण हे नंतरचं. त्या मे महिन्यात आमचे हे हॉस्पिटलमधून नुकते घरी आले होते. फुप्फुसं कामातून गेलेली. घरी ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं होतं, ते विजेवर चालायचं, आणि जोडीला एक छोटा सिलिंडर, लाईट गेली तर असावा म्हणून. मी म्हटलं होतं, ठेवा तुम्ही, पण आमच्याकडे लाईट जात नाही.

सकाळी रस्ता खोदणाऱ्यांनी कुठेतरी केबल तोडली आणि लाईट गेली. गच्चीवरचं यंत्रही त्याच क्षणी गप्प झालं. मी जिन्यात उभी राहून त्याची वाट बघत होते, अजून. मला वाटलं, थोडा वेळ लागत असेल. शेजारच्या घरातल्या बाईने दार उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत लावून घेतलं.

सिलिंडर चालू केला. दुसरा मागवला. आणणारा ऐरोलीच्या पुलावर अडकलाय असं फोनवर सांगत राहिला, आणि सिलिंडरवरचा काटा खाली सरकत राहिला. आमचे हे नुसते त्या काट्याकडे बघायचे. मग मीही बघायला लागले. शेवटी ते म्हणाले, तू बघू नको त्याच्याकडे, तू बघतेस तेव्हा तो जास्त पळतो.

ह्यांना खाली न्यावं तर चौथा मजला आणि लिफ्ट बंद. लिफ्टचा जनरेटर मी विकायला लावलेला. मी खाली पळाले. मीटर रूममध्ये काका स्टुलावर बसले होते, पाटीसमोर. मी म्हटलं, भाऊ, ह्यांच्याजवळ कोणीतरी बसायला हवं, मी सिलिंडरचं बघते. ते उठले, थबकले. पाटीकडे बघितलं. "हिला हात लावू नका," म्हणाले आणि बायकोला हाक मारून दोघं जिना चढायला लागली.

त्यांना तिथून हलवताना माझ्या मनात काही नव्हतं. निदान असं मी आजवर स्वतःला सांगत आलेय.

ते गेले आणि मी त्या खटक्यासमोर एकटी उरले. खिडकीतून ऊन येत होतं, पांढरं, भाजणारं. एवढा सूर्य गच्चीवर पडून वाया चाललाय आणि माझा नवरा हवेसाठी तडफडतोय. तेवढ्यात मला ते आठवलं. पॅनेल बसवणारा बोलता बोलता म्हणाला होता की रस्त्यातली वीज दिसली की यंत्र जागं होतं. मग त्याला थोडी वीज दाखवली तर? खोटीच? ते फसेल, जागं होईल, गच्चीवरून वीज उतरेल. ह्यांचं मशीन चालू होईल, लिफ्ट चालू होईल, सगळी बिल्डिंग चालू होईल आणि मी सांगितलं होतं ते सगळं खरं होईल. हे शेवटचंही मनात होतं. नवरा वर असा असताना होतं.

जिन्याखाली गणपती मंडळाची खोली. तिथे मंडपाचा छोटा जनरेटर असायचा आणि त्याची ती वायर, दोन्ही टोकांना पिना असलेली. एक पीन जनरेटरमध्ये, दुसरी भिंतीतल्या प्लगमध्ये, की वीज उलटी भिंतीत शिरते. लाईट गेली की मंडळाची पोरं सर्रास असंच करायची. सुलू, माझी दुसऱ्या मजल्यावरची मैत्रीण, मालवणची, मला शोधत आली होती. तिला घेऊन मी जनरेटर ओढत मीटर रूममध्ये आणला.

"ह्यां काय करतंस गो?" सुलू म्हणाली.

"वीज उठवते."

"माका भय वाटता."

मी पाटी काढली. पोळपाट हलका होता, सुतळी बोटाला काचली. मेन बंद असताना काहीच चालू होणार नाही असं मला वाटत होतं, म्हणून खटका वर केला. प्लगमध्ये पीन घातली आणि जनरेटरची दोरी ओढली. नुसतीच घरघर झाली. पुन्हा ओढली. सुलू भिंतीला चिकटून देवाचं नाव घेत होती. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा ओढली तेव्हा तो खोकला, त्याने अंग हलवलं, वरचा दिवा एकदा लाल चमकून गेला आणि जनरेटर गुदमरून बंद पडला. मी पुन्हा दोरीला हात घातला.

काका दारात होते. वर काटा लाल पट्टीत आला म्हणून मला सांगायला खाली येत होते. त्यांनी जमिनीवरची पाटी पाहिली, वर झालेला खटका पाहिला. ज्या माणसाने आयुष्यात बाळाचा गालही सुलट्या हाताने शिवला नव्हता, त्याने अख्खा तळवा, पाची बोटं, त्या खटक्यावर घातली आणि तो खाली ओढला.

मग भिंतीतली पीन उपटली. मग विचारलं, "चालू झाला होता?"

मी अजून दोरी धरूनच होते. सुलू म्हणाली, "एकदाच. वायच."

काकांनी खटका खाली आहे ना ते पुन्हा बघितलं. "कोपऱ्यावर खड्ड्यात माणूस आहे," म्हणाले. "मी इथून हलणार नाही. तुम्ही बघून या."

आमच्या गेटपासून कोपरा फार लांब नाही. तिथे अळूची पानं घ्यायला मी चपला न घालताही जायचे. त्या दिवशी तो रस्ता मला चालवेना. कोपऱ्यावर प्लास्टिकचे नारिंगी अडसर, मातीचा ढीग. ढिगाशेजारी एक हेल्मेट आणि चपलांचा जोड, नीट एकमेकींना लावून ठेवलेला, देवळाबाहेर ठेवतात तसा. ठोकाठोकीचा आवाज नाही. बोलण्याचा आवाज नाही. मी ठरवलं की तो गेला. मी त्याच्या आईलासुद्धा पाहिलं. ती मला विचारत होती, गेलेली वीज परत कुठून आली. आणि मला उत्तर माहीत होतं.

वाकून आत बघितलं. खालून कापलेली केबल उसाच्या कांड्यासारखी वर आलेली, आणि तिच्याशेजारी मातीला डोकं टेकून तो पडला होता. तिशीचा असेल. डोळे मिटलेले. एक हात पोटावर, एक हात त्या केबलच्या अगदी जवळ.

मी "अहो" म्हटलं. मग "दादा" म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी गुडघ्यांवर बसले आणि मूठभर माती त्याच्या अंगावर टाकली. का, ते विचारू नका. माती टाकल्यावर माझ्या लक्षात आलं, की माती कोणावर टाकतात.

त्याने एक डोळा उघडला. "जॉइंटचं सामान यायचंय," म्हणाला, "म्हणून जरा पडलो होतो. काय झालं?"

तो हात त्या वेळी केबलला लागलेला नव्हता म्हणून तो वाचला, की माझ्या जनरेटरच्या एका खोकल्याने तिथवर काही पोचलंच नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. काकांनाही सांगता आलं नाही. मी त्याला एवढंच म्हणू शकले, की वर माझा नवरा आहे आणि त्याचा ऑक्सिजन संपतोय.

तो चपला घालून माझ्यामागे आला. काका पाटीसमोर उभे होते. पाटी पुन्हा जागेवर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या माणसाला म्हणाले, हा जनरेटर गच्चीवर न्या. सरळ साधी वायर खिडकीतून खाली सोडा, मशीन थेट त्यालाच जोडा. बिल्डिंगच्या कशालाही जोडू नका.

झालं. एवढंच करायचं होतं. जनरेटर होता, वायर मंडळाच्याच खोलीत होती, आमचं घर गच्चीच्या लगेच खाली. पण मला एक मशीन चालवायचं नव्हतं, मला अख्खी बिल्डिंग उजळायची होती. त्या माणसाने जनरेटर खांद्यावर घेतला आणि चार मजले चढला. पॅनेलच्या सावलीत ठेवून त्याने तो दोरीच्या एका ओढीत चालू केला. खाली मशीन गुरगुरलं. आमच्या ह्यांनी डोळे मिटले, आणि मी धावत जाऊन छातीवर हात ठेवला. छाती हलत होती. त्यानंतरही कित्येक दिवाळ्या त्यांनी पाहिल्या.

संध्याकाळी मी काकांकडे गेले. मला बोलायचं होतं, ते त्यांनी बोलू दिलं नाही. म्हणाले, "पाटी लावली म्हणजे झालं, असं समजून मी उठलो. ती चूक माझी नोंदवून घ्या." पुढच्या जनरल बॉडीत त्यांनी मेन स्विचला कुलूप बसवायचा ठराव मांडला. किल्ली लाईट असेपर्यंत कमिटीकडे, लाईट गेली की स्टुलावर बसणाऱ्याकडे. कोणीतरी हसलं. मी उठून अनुमोदन दिलं आणि हसणाऱ्याकडे बघत उभी राहिले. मग कोणी हसलं नाही. कुलपाचं कारण कोणी विचारलं नाही, काकांनी सांगितलं नाही, सुलूही कधी बोलली नाही. आज पहिल्यांदा मी लिहितेय.

काका आता नाहीत. त्यांची बायको लेकीकडे डोंबिवलीला गेली. जाताना पोळपाट मला देऊन गेली. हल्ली लाईट गेली की स्टुलावर मी बसते. नातवंडं जिन्यातून जाता येता विचारतात, आजी, लाईट आली का गं? मी म्हणते, तुझं म्हणणं नोंदवून घेतलं. पोरांनी मला काय नाव ठेवलंय ते मला ठाऊक आहे. भीती मात्र जात नाही. कुलूप लावलेलं असतं, किल्ली माझ्या मुठीत असते, तरी मी दर थोड्या वेळाने उठून खटका खाली आहे ना ते बघते. उलट्या हाताने.

त्या दिवशी मशीन चालू झाल्यावर सुलूने त्या माणसाला कोकम सरबत करून दिलं होतं. तो आमच्या उंबऱ्यावर बसून प्यायला. हातांना माती होती म्हणून आत आला नाही. मी त्याच्यासमोर बसले. सगळं सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं, आणि सांगायचं धाडस होईना. म्हणून मी भलतंच विचारलं. म्हटलं, अशा उघड्या तारेशेजारी तुला झोप कशी लागते रे, भीती नाही वाटत?

त्याने पेला खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "वाटते ना. कोण कुठून काय चालू करेल, भरवसा नसतो. पण सकाळी येताना मी तुमच्या मीटर रूममध्ये डोकावून गेलो होतो. ते काका पाटी लावून समोर बसले होते. म्हणून तर डोळा लागला, आजी."